ऑलिंपिकवीर पोलीस अधिकारी कै. खाशाबा जाधव

अमरावती-भातकुली परिसराला ऑलिंपिक हा शब्द परका नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली, हे येथील जुन्या पिढीला अभिमानाने ठाऊक आहे. त्यानंतर सोळा वर्षांनी महाराष्ट्राच्याच एका मल्लाने ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. हा मल्ल पुढे सत्तावीस वर्षे पोलीस खात्याच्या सेवेत होता आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाला, हे मात्र अनेकांना माहीत नसते. ते मल्ल म्हणजे कै. खाशाबा दादासाहेब जाधव.

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या लहानशा गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः नामांकित मल्ल. पाच भावांत खाशाबा धाकटे. कुस्तीचे बाळकडू त्यांना घरातच मिळाले. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या आंदोलनात भूमिगतांना आश्रय देणे, त्यांचे निरोप पोहोचविणे ही कामेही या विद्यार्थ्याने केली. पुढे ज्या पोलीस खात्यात त्यांनी हयात घालविली, त्याच खात्याची नजर चुकवून त्यांचा सार्वजनिक जीवनातील प्रवेश झाला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

उच्च शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथे बाबुराव बलावडे व बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. देहयष्टी लहान, परंतु चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळून त्याला फेकण्याचा ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा भार उचलला. तांबड्या मातीत वाढलेल्या या तरुणाला तेथे गादीवर, अपरिचित आंतरराष्ट्रीय नियमांनी लढावे लागले; तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. दुसरा कोणी असता तर त्यावर समाधान मानून राहिला असता. खाशाबांनी चार वर्षे अधिक कसून मेहनत केली आणि वरच्या वजनगटात उतरण्याची तयारी केली.

१९५२ ची हेलसिंकीची वाट मात्र सोपी नव्हती. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाल्याची त्यांची भावना होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, फेरलढत मिळविली आणि जिंकली. निवड झाली, पण जाण्यासाठी पैसे नव्हते. शासनाकडून मिळालेली मदत तुटपुंजी होती. तेव्हा परिसरातील लोकांनी ज्याला जमेल तशी वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यावर गुरूने टाकलेला हा विश्वास आजही थक्क करणारा आहे. संस्थेच्या कार्यासाठी वर्गणी मागत दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांना त्या रकमेचे मोल वेगळे सांगावयास नको.

हेलसिंकी येथे ५७ किलोच्या बँटमवेट गटात, मुक्त शैलीत, खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांवर मात केली. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लढत त्यांनी गमावली. त्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर नियमाप्रमाणे अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. परंतु त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव्ह यांच्यासमोर उभे करण्यात आले आणि त्यांची बाजू मांडण्यास त्या वेळी भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२. कोल्हापूरचेच केशव माणगावे यांचे पदक त्याच स्पर्धेत थोडक्यात हुकले. भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, लिअँडर पेस यांनी मिळवून दिले, यावरून त्या कांस्यपदकाची थोरवी ध्यानी यावी.

मायदेशी परतल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासात संपणारी वाट त्या दिवशी संपता संपेना, इतकी गर्दी लोटली होती. गुलाल खाली बसल्यावर खाशाबांनी जे केले ते पदकाइतकेच मोलाचे मानावे लागेल. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशातून खर्डेकर सरांचे गहाण पडलेले घर सोडविले. गुरूचे ऋण त्यांनी शिरावर राहू दिले नाही.

१९५५ साली ते फौजदार म्हणून पोलीस खात्यात रुजू झाले. दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाणे हुकले. खात्यांतर्गत स्पर्धा त्यांनी गाजविल्या व क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही सेवा केली. पदकाचे भांडवल करून त्यांनी कधी काही मागितले, असे ऐकिवात नाही. निवृत्तीनंतर मात्र हक्काच्या निवृत्तिवेतनासाठी या अधिकाऱ्याला झगडावे लागले आणि अखेरचा काळ ओढग्रस्तीत गेला. ज्याने दुसऱ्याचे घर गहाणातून सोडविले, त्याच्या वाट्याला हे यावे, ही गोष्ट मनाला लागते. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेच्या ज्योतदौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले; हा सन्मान त्यांना हयातीत उतारवयी लाभला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सन्मान एकामागून एक आले. राज्य शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला, पुढे अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले, तर २०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. गोळेश्वरला त्यांच्या नावे कुस्ती संकुल उभारण्याचे आश्वासनही मिळाले होते. ते रखडल्याने कुटुंबीयांवर २०१७ साली ते कांस्यपदक लिलावात काढण्याचा इशारा देण्याची वेळ आली.