मुलकोवालची बाटली

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव सर्पदंशावरील औषध आणि पोलिओचे थेंब यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्याही कानावरून गेलेले असते. परंतु ज्या शास्त्रज्ञाचे नाव ती मिरवते, त्याच्यावर हीच प्रयोगशाळा सोडून जाण्याची पाळी आली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉफ यांच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले. परंतु झारशाहीत ज्यूला विद्यापीठात वर चढण्याची वाट जवळजवळ बंदच होती. जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले, तेही प्रथम ग्रंथालयातील साहाय्यक म्हणून. १८९२ मध्ये त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली, ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते कलकत्त्यास आले.

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. लाखो माणसे शहर सोडून पळाली आणि व्यापारउदीम ठप्प झाला. अशा वेळी हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली व मोजकी माणसे मिळाली. तेवढ्या सामग्रीवर त्यांनी लसीसाठी जंतू वाढविण्याची जी युक्ती योजली, ती या देशाला साजेशीच होती. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे आणि त्यांच्या आधाराने जंतूंच्या लोंबत्या जटा वाढू द्यायच्या. लोकांच्या धर्मभावना लक्षात घेऊन मांसही बकऱ्याचे वापरले जाई. नंतर उष्णतेने जंतू मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे बंदी स्वखुशीने पुढे आले त्यांना लस देण्यात आली, उरलेल्यांना नाही. छप्पर एक, अन्न एक, दिनक्रमही एक. फरक काय तो सुईचा. लस घेतलेल्यांत रोग स्पष्टपणे कमी आढळला. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक तुलनेसाठी दोन समान गट कसे निवडावेत हे वर्गात फळ्यावर शिकवतो. हाफकिन यांनी ते साथीच्या ऐन भरात करून दाखविले.

त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी घरे झडतली. लोकक्षोभ इतका पेटला की २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. हाफकिन यांचा मार्ग वेगळा होता. तरुण आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली आणि खोजा समाजातील हजारो लोक त्यांच्यामागे आले. सक्तीने जे साधले नसते ते भरवशाने साधले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात हलली.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस उजाडला. पंजाबातील मुलकोवाल (आज पाकिस्तानात) या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सर्वजण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. त्याच दिवशी तेथे उघडलेल्या इतर बाटल्यांतील लसीने कोणासही अपाय झाला नाही. तरीही चौकशी आयोगाने बाटली गावी उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, असा निष्कर्ष काढला. पंजाबची मागणी पुरविण्यासाठी परळला लस करण्याची रीत थोडी बदलण्यात आली होती, आणि कार्बोलिक आम्ल गाळण्यात आले होते. तेवढे निमित्त पुरले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा गावातील साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, या साक्षीला त्या वेळी हवे ते वजन मिळाले नाही.

हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. सरकारी यंत्रणेला दोष शोधण्यापेक्षा दोषी सापडण्याची घाई अधिक असते, असे मला वाटते. त्यातून हा गृहस्थ ना इंग्रज, ना लष्करी डॉक्टर. त्याची बाजू घेणारे खात्यात कोण असणार? या अन्यायाची किंमत त्यांनी एकट्यानेच मोजली असेही नव्हे. लसीविषयी लोकांच्या मनात भय बसले, आणि पुढील काही वर्षांत प्लेगने पंजाबात लाखो बळी घेतले. हे सारे मृत्यू लसीने टळले असते असा दावा कोणी करू नये. पण किती टळले असते याची मोजदाद करण्याची संधीही हातची गेली.

लंडनच्या लिस्टर संस्थेने कागदपत्रे पुन्हा तपासली. १९०७ मध्ये हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे त्यांच्यावरील किटाळ दूर झाले. ते भारतात परतले, परंतु परळची जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याची प्रयोगशाळा मिळाली. तेथे लस तयार करण्याची सोय नव्हती.

परळच्या संस्थेस त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले. तेव्हा ते हयात होते, युरोपात राहत होते. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.