वाटाण्याचा अंकुर आणि दादासाहेब फाळके

बालमित्रांनो, टीव्हीवर किंवा मोबाईलवर कार्टून पाहिले नाही असे मूल आपल्या इस्लापुरात शोधूनही सापडायचे नाही. कार्टूनमध्ये उंदीर बोलतो, झाडे चालतात, माणूस हवेत उडतो. ही चित्रे हलतात तरी कशी? आज हे काम संगणकावर करतात. त्याला ॲनिमेशन म्हणतात. मोठ्या शहरांत त्याचे शिक्षण मिळते आणि त्यावर पोटही भरता येते. पण आपल्या देशात संगणक नव्हता तेव्हासुद्धा एका मराठी माणसाने निर्जीव वस्तू पडद्यावर नाचविल्या होत्या, बरं का! त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सारे त्यांना दादासाहेब म्हणत.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. धुंडिराजांना मात्र लहानपणापासून चित्रकलेचा नाद. म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि फोटोग्राफी शिकून घेतली. रतलामला जाऊन छपाईसाठी ठसे करण्याची विद्या शिकले. एका परदेशी जादूगाराकडून जादूचे खेळही शिकले. फाळके हे नाव उलटे वाचा पाहू! केळफा! प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे प्रयोग करीत.

पण सगळे सुखाचे नव्हते. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा काढला, तेव्हा प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. पुढे छापखाना काढला. तो नावारूपाला आला, पण भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. चाळिशी उलटली तरी हाती स्थिर काम नव्हते.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो निघेचना. रात्रंदिवस चित्रपट पाहणे, वाचणे, प्रयोग करणे सुरू झाले. झोप नाही, विसावा नाही. शेवटी डोळ्यांनी दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी परत आली, ते नशीबच म्हणायचे. मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि १९१२ साली बोटीने लंडन गाठले. तिथे चित्रपट कसा तयार होतो ते डोळ्यांनी पाहिले, कॅमेरा विकत घेतला आणि परत आले.

आता चित्रपट काढायला पैसा हवा. पण नुसत्या बोलण्यावर कोण देणार? दादासाहेबांनी काय करावे? एका कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा ठेवला. रोज थोडे थोडे चित्रण करीत महिनाभराहून जास्त काळ ते चिकाटीने बसले. पुढे ही फिल्म पडद्यावर दाखविली, तेव्हा माती फोडून अंकुर वर आला आणि बघता बघता त्याचा वेल झाला! महिन्याचे काम मिनिटभरात दिसले. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले.

दादरच्या घरातच कामाला सुरुवात झाली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत आणि वर फिल्मला भोके पाडणे, फिल्म धुणे ही कामेही करीत. स्त्रीची भूमिका करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषानेच तारामती केली. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र लोकांपुढे आला. भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला.

पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्यांची मौज नावाची छोटी फिल्म केली. असे काम कसे करतात? काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे. काड्या किंचित सरकवायच्या, दुसरे चित्र घ्यायचे. त्या काळी एका सेकंदाला सुमारे १६ चित्रे लागत. म्हणजे एका मिनिटाला ९६०! हिशेब करून पाहा. आज ती फिल्म पाहायला मिळत नाही. पण संगणकावरचे ॲनिमेशनही याच युक्तीवर चालते. १९१७ च्या लंकादहनात त्यांनी हनुमानाची करामत दाखविली. १९१९ च्या कालियामर्दनात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

१९३१ साली बोलपट आले आणि मूकपट मागे पडले. दादासाहेबांनी १९३७ साली गंगावतरण हा एकच बोलपट काढला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार भारत सरकार १९६९ पासून देत आहे.

मित्रांनो, दादासाहेबांकडे संगणक नव्हता. चित्रकलेचा हात होता, नवे शिकण्याची हौस होती आणि एक चित्र झाले की दुसऱ्याला हात घालण्याचा धीर होता. हे तिन्ही आपल्या शाळेतही मिळते. आजच एक जुनी वही घ्या. पानांच्या कोपऱ्यावर हरभऱ्याचा अंकुर काढा, प्रत्येक पानावर मागच्यापेक्षा थोडा मोठा. तीस पाने झाली की अंगठ्याने भराभर सोडा. अंकुर वाढताना दिसेल. नाही दिसला तर पुन्हा काढा. दादासाहेबही तसेच शिकले.