समुद्राचा हिशेब मांडणारे डॉ. पणिक्कर

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात प्राणिशास्त्रज्ञाचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण डॉ. एन. केशव पणिक्कर यांच्या कामाचा धागा थेट आपल्या कोलशेतच्या खाडीपर्यंत येतो, म्हणून हा प्रपंच.

पणिक्करांचा जन्म १९१३ चा, केरळातला. इंग्लंडमध्ये प्लायमथच्या प्रयोगशाळेत त्यांनी कोळंबीवर काम केलं. पाण्याचा खारटपणा बदलला तरी ती अंगातलं मीठ कसं सांभाळते, हे त्यांनी शोधलं. परत आल्यावर १९५० च्या दशकात ते मंडपमच्या मत्स्यसंशोधन केंद्राचे प्रमुख झाले.

मग १९५९ ते १९६५ ची आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम आली. अनेक देशांची जहाजं, आपल्या नौदलाची किस्तनासुद्धा. भारताच्या बाजूची सूत्रं पणिक्करांकडे होती. मोहीम संपल्यावर जहाजं आपापल्या देशी जाणार, मग आपल्या हातात काय उरणार? हा प्रश्न साधा नव्हता. गोळा केलेले प्लवकांचे नमुने वेगळे करायचं केंद्र कोचीला झालं आणि १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. पहिले संचालक पणिक्कर. पुढे संस्था गोव्यात दोना पावलाला स्थिरावली.

१९६६ मध्येच त्यांनी जयरामन यांच्यासोबत अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांची तुलना छापली. मुद्दा असा, की एकपेशीय वनस्पती प्लवकांना ऊन लागतं आणि नायट्रेट-फॉस्फेटचं खतही. ऊन वरच्या थरात, खत खोल पाण्यात! अरबी समुद्रात पावसाळी वाऱ्यांमुळे काही किनाऱ्यांजवळ खोल पाणी वर येतं आणि दोन्हींची गाठ पडते. बंगालच्या उपसागरात नद्यांचं हलकं गोडं पाणी वर झाकणासारखं बसतं, त्यामुळे खत खालीच अडकतं. प्लवक वाढले तर मासळी, नाहीतर कोळ्यांची जाळी रिकामी.

आता आपली खाडी बघा. सांडपाण्यामुळे इथे खताला तोटा नाही, पण गढूळ पाण्यात ऊन फार खोल जात नाही. म्हणजे इथे हिशेब उलटा! पाणी शुद्धीकरणाचा प्लँट डिझाइन करताना आपल्याला हे दोन्ही आकडे लागणारच.

पणिक्कर १९७७ साली गेले. त्यांच्या संस्थेचं मुंबईतलं केंद्र आपल्या भागातल्या खाड्यांचं पाणी तपासतं. मोहिमा संपतात, पण मोजणारी माणसं मागे राहिली पाहिजेत. ती राहतील अशी सोय पणिक्करांनी केली.