पंडिता रमाबाईंचे आत्मनिवेदन : पत्रे आणि साक्ष

मराठी चरित्रवाङ्मयात पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) प्रामुख्याने दोन रूपांत भेटतात. एक स्त्रीउद्धारक, दुसरे धर्मांतरिता. दोन्ही रूपांत त्यांचे धर्मांतर २९ सप्टेंबर १८८३ या तारखेला घडलेली एक घटना म्हणून नोंदले जाते, आणि तिच्या समर्थनात किंवा निषेधात चरित्रकाराची शक्ती खर्ची पडते. स्वतः रमाबाईंनी आपल्या श्रद्धेचा हिशेब मात्र दोनदा मांडला आहे. एकदा इंग्लंडमधील वास्तव्यात लिहिलेल्या खाजगी पत्रांतून आणि नंतर १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या साक्षीतून. हे दोन हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्या चरित्राकडे या विसंगतीच्या बाजूने पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, त्याबद्दल समाजाचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. रमाबाईंचा जन्म तेथलाच. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. सन १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात ते उद्ध्वस्त झाले. हा भाग रमाबाईंनी ज्या निःसंकोचपणे सांगितला आहे तो विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. विद्वत्तेचा आणि जातीचा अभिमान असल्यामुळे मजुरी करण्याची किंवा भीक मागण्याची आपल्याला लाज वाटत होती, हे त्या लपवीत नाहीत. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला, तेव्हा भाऊ श्रीनिवास अंगमेहनतीस तयार झाला. आई वारली तेव्हा तिरडीला पुरेसे खांदेकरी मिळेनात. रमाबाईंनी खांदा दिला, पण उंची कमी पडल्याने आपल्या वाटणीचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. सारी व्रते यथासांग पाळूनही देव पावला नाही, हा अनुभव भावंडांच्या मनात घर करून राहिला.

कलकत्त्यातील कीर्ती, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, भावाचा मृत्यू, १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह, मनोरमेचा जन्म, १८८२ च्या आरंभी वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना हा सर्व इतिहास परिचित आहे. सन १८८३ मध्ये त्या वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रयाला गेल्या त्या वैद्यक शिकण्यासाठी. ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी तेथे त्यांची सहचारिणी आनंदीबाई भगत हिने आत्महत्या केली. या आघातानंतर थोड्याच काळाने रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. दोन घटनांचा कार्यकारणसंबंध सिद्ध करता येत नाही. पण त्यांतील अंतर इतके अल्प आहे, की त्या वेळची मनःस्थिती शांत, निश्चयी होती असे समजणे धाडसाचे ठरेल.

बाप्तिस्म्यानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिआ बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात रमाबाईंनी आपले संशय उघड केले. त्र्यैक्याचा सिद्धांत त्यांना पटत नव्हता. ख्रिस्ताचा कुमारीच्या पोटी झालेला जन्म बुद्धीला मानवत नव्हता. पुरोहितशाहीच्या एका जोखडातून सुटल्यावर दुसरे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. मनोरमेला न समजणारी तत्त्वे पाठ करवून घ्यावीत, हेही त्यांना मान्य नव्हते. क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. जेराल्डिनना यात अहंकार दिसला. एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. हे लिहिणारी विधवा परदेशात होती, पदरात लहान मूल होते, आणि ज्यांच्या अन्नावर दोघी जगत होत्या त्यांनाच ती आपली अश्रद्धा कळवीत होती. सोयीसाठी होकार देणे त्यांना अवघड नव्हते. तो त्यांनी दिला नाही.

अमेरिकेतून साहाय्य मिळवून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, हे ठरलेले होते. परंतु रमाबाई स्वतःची प्रार्थना दार लावून करीत नसत. मुली येऊन बसू लागल्या. लोकक्षोभ उसळला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. सल्लागारांची अडचण खरी होती. पालकांना दिलेल्या वचनाचा प्रश्न होता. रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर श्रद्धा झाकून वावरणे हीच प्रतारणा ठरली असती. या वादात एका पक्षास निखालस दोषी ठरविणे आजही कठीण आहे.

सन १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम यांच्या आत्मकथनाच्या वाचनाने त्यांच्या अंतःकरणात परिवर्तन झाले, असे साक्षीवरून दिसते. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या आधीच्या आठ वर्षांविषयी काढला. जगभर प्रतिष्ठा लाभलेल्या व्यक्तीने आपला बाप्तिस्मा अपुरा होता असे छापून सांगणे सोपे नाही. येथेच अभ्यासकाने सावध व्हावे. 'साक्ष' हा एक रूढ वाङ्मयप्रकार आहे. पाप, अंधार, साक्षात्कार आणि शांती असा त्याचा क्रम ठरून गेलेला असतो. या साच्यात १८८५ ची वाद घालणारी तरुणी केवळ चुकलेली वाटसरू बनते. पत्रांतील रमाबाईंना आपण कोठे पोहोचणार हे ठाऊक नाही. साक्षीतील रमाबाईंना ते ठाऊक आहे. माझ्या मते आत्मनिवेदनाची अधिक कठीण कसोटी पत्रांची आहे. साक्षीतील दुष्काळाचा भाग मात्र साच्यात न मावणारा आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत जिवंत उतरला आहे.

ही साक्ष प्रसिद्ध होण्याच्या दोनच वर्षे आधी, १९०५ साली, केडगावच्या मुक्ती सदनात मोठी धर्मजागृती झाली होती. दुष्काळातून वाचलेल्या मुली सर्वांसमक्ष रडत, आपली पापे उघड बोलत. या वातावरणाचा साक्षीच्या सुरावर परिणाम झालेला असणे शक्य आहे.

उत्तरायुष्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलच्या मराठी भाषांतरास लागल्या. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. अल्पशिक्षित बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ती अनेक ठिकाणी खडबडीत झाली आहे. मुक्तीच्या छापखान्यात आश्रमातल्या स्त्रियाच काम करीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जेराल्डिननी जपून ठेवलेला, त्यांच्या शेऱ्यांसह असलेला पत्रव्यवहार वाचकांच्या हाती यायला मात्र १९७७ साल उजाडावे लागले. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध केला.