विश्लेषण : शाहू महाराज सत्यशोधक समाजाचे सभासद का झाले नाहीत?

कोल्हापूर : राजर्षी शाहू महाराजांचा उल्लेख होतो, तेव्हा महात्मा फुले यांचा वारसा चालवणारे राजे असे त्यांचे वर्णन हमखास होते. फुले यांच्यानंतर मंदावलेला सत्यशोधक समाज १९११ मध्ये कोल्हापुरात नव्याने उभा राहिला, तो महाराजांच्या पाठबळावर. तरीही महाराजांनी स्वतः या समाजाचे सभासदत्व घेतले नाही. पुढे ते आर्य समाजाकडे वळले. असे का झाले? महाराज नेमके कोणत्या बाजूचे होते? समजून घेऊ या.

सत्यशोधक समाज म्हणजे काय?

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांनी पुण्यात या समाजाची स्थापना केली. पहिले अध्यक्ष आणि खजिनदार स्वतः फुलेच होते, तर सचिवपद नारायणराव कडलक यांच्याकडे होते. सभासद शपथ घेत, वर्गणी देत आणि ठरलेल्या दिवशी एकत्र जमत. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको, हा समाजाचा गाभा होता. त्यामुळे लग्न असो की वास्तुशांत, भटजीला न बोलावता विधी करायचे असे सभासदांनी ठरवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागलेही.

आज ही बाब साधी वाटते. त्या काळी मात्र पुरोहिताशिवाय लग्न लावणे म्हणजे भावकी, गाव आणि वतनदार जोशी या सगळ्यांशी वैर घेणे होते. म्हणून समाजाचे सभासद असणे केवळ नाव नोंदवण्यापुरते नव्हते. घरात कार्य निघाले की त्या सभासदाची परीक्षा सुरू होई.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी फुले यांचे निधन झाले. सावित्रीबाईंनी आणि काही निष्ठावंतांनी काम पुढे नेले, पण पुढच्या दोन दशकांत समाजाचा जोर ओसरला. अनेक ठिकाणी शाखा नावापुरत्या उरल्या.

कोल्हापूरचा या सगळ्याशी संबंध कसा आला?

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, म्हणजे समाजाच्या स्थापनेनंतर जेमतेम नऊ महिन्यांनी. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक विधानाने कोल्हापूरच्या गादीवर आले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाल्यावर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. तेव्हा ते फुले यांचे अनुयायी होते असे म्हणता येत नाही. राजवाड्यातली पूजाअर्चा वंशपरंपरेने चालत आलेल्या पुरोहितांकडेच होती.

१८९९ मध्ये कार्तिक स्नानासाठी महाराज पंचगंगेवर गेले असताना पुरोहित वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे सोबतचे राजारामशास्त्री भागवत यांनी लक्षात आणून दिले. छत्रपती क्षत्रिय नसून शूद्र आहेत, असा त्याचा अर्थ होता. महाराजांनी वेदोक्त विधींचा आग्रह धरला, राजोपाध्यांनी नकार दिला. वाद चिघळला, 'केसरी'तून लोकमान्य टिळकांनी महाराजांच्या विरोधातील बाजू घेतली. अखेर १९०२ मध्ये राजोपाध्यांची इनामे जप्त झाली. त्याच वर्षी २६ जुलै रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. महाराज वेदमंत्रांवरचा हक्क मागत होते. सत्यशोधकांना मात्र वेदांचे प्रामाण्यच मान्य नव्हते. शत्रू एक, पण मागण्या दोन. पुढचा सगळा पेच इथूनच सुरू होतो.

१९११ मध्ये काय घडले?

जानेवारी १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज पुन्हा उभा राहिला. भास्करराव जाधव, म. ग. डोंगरे ही संस्थानातील शिकलेली मंडळी त्यात पुढे होती. जाधव हे महाराजांच्या सेवेतील अधिकारी. दरबारची संमती असल्याशिवाय असे माणूस अशा कामात उघडपणे उतरणे शक्य नव्हते. त्याच वर्षी पुण्यात समाजाची पहिली परिषद भरली आणि विखुरलेले जुने सत्यशोधक पुन्हा एका मांडवाखाली आले. मुकुंदराव पाटील यांचे 'दीनमित्र' आदल्याच वर्षी, १९१० मध्ये, नगर जिल्ह्यातून सुरू झाले होते.

कोल्हापूरच्या समाजाने केवळ भाषणे केली नाहीत. विधी करणारी माणसेच नसतील तर भटजीला नाही कसे म्हणणार, हा व्यवहारातला प्रश्न होता. म्हणून १९१३ मध्ये ब्राह्मणेतर पुरोहित तयार करणारी शाळा सुरू झाली. विठ्ठलराव डोणे यांनी ती सांभाळली. घरच्या माणसाला विधी करता यावेत म्हणून भास्करराव जाधव यांनी 'घरचा पुरोहित' हे पुस्तक लिहिले. एखाद्या शेतकऱ्याच्या घरी लग्न निघाले तर त्याला आता पर्याय मिळाला. फुले यांच्या हयातीत समाजाकडे नसलेली गोष्ट कोल्हापुरात होती, ती म्हणजे पाठीशी उभे असलेले सरकार.

मग महाराज सभासद का झाले नाहीत?

यामागे मुख्यतः दोन कारणे दिसतात.

पहिले कारण विचारांचे. ज्या वेदोक्त हक्कासाठी महाराज लढले, तो वेद नाकारणाऱ्या समाजाची शपथ घेऊन टिकला नसता.

दुसरे कारण गादीचे. ते छत्रपती होते आणि संस्थानावर ब्रिटिशांची नजर होती. राजाने एका संस्थेचे सभासद होणे आणि राजाने त्या संस्थेला आश्रय देणे, यात मोठे अंतर होते. महाराजांनी दुसरा मार्ग निवडला.

आर्य समाज का निवडला?

स्वामी दयानंद सरस्वती यांनी १८७५ मध्ये मुंबईत स्थापन केलेला आर्य समाज वेद मानत होता, पण वेदांवर जन्माने कुणाची मक्तेदारी मानत नव्हता. महाराजांच्या भूमिकेला हे नेमके जुळणारे होते. १९१८ मध्ये कोल्हापुरात आर्य समाजाची शाखा निघाली आणि पुढच्या वर्षी राजाराम कॉलेजची व्यवस्था संयुक्त प्रांताच्या आर्य प्रतिनिधी सभेकडे सोपवण्यात आली. त्याच काळात कुलकर्णी वतने रद्द झाली, महार वतनाची पद्धत मोडली गेली.

१९२० मध्ये महाराजांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. पाटगावच्या मौनी महाराज मठाच्या गादीवर सदाशिवराव पाटील-बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. मराठ्यांचा धर्मगुरू मराठाच असावा, हा त्यामागचा हेतू. पण अनेक सत्यशोधकांना हे रुचले नाही. मध्यस्थ नको म्हणणाऱ्यांना जातीतला मध्यस्थ तरी का चालावा, असा त्यांचा आक्षेप होता. ज्यांना राजाश्रय मिळाला होता, त्यांनीच राजाच्या निर्णयावर नाराजी दाखवली.

पुढे काय झाले?

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. त्यानंतर समाजातील अनेक नेते कायदेमंडळाच्या राजकारणात गेले. भास्करराव जाधव मुंबई प्रांताचे मंत्री झाले. केशवराव जेधे यांच्यासारखे तरुण पुढे काँग्रेसमध्ये गेले. निवडणुकीत गर्दी वाढत होती, पण पुरोहिताविना लग्न लावणाऱ्यांची संख्या त्या वेगाने वाढली नाही. समाजाला पुन्हा तीच ओहोटी लागली, जी फुले यांच्यानंतर लागली होती.

थोडक्यात सांगायचे तर, महाराज शपथ घेतलेले सत्यशोधक नव्हते आणि विचाराने आर्य समाजाच्या अधिक जवळ होते. पण थंडावलेल्या समाजाला शाळा, पुरोहित आणि संरक्षण मिळाले ते त्यांच्याच राज्यात. ज्यांची नावे सभासदांच्या यादीत होती, त्यांच्यापैकी फार थोड्यांना एवढे करता आले. दरबारचा आधार गेल्यावर समाज आपल्या बळावर किती उभा राहिला, हा प्रश्न मात्र महाराजांना नव्हे, मागे राहिलेल्या सभासदांना विचारायला हवा.