सत्तरीत उसळलेली लाट

आभाळाला भिडलेली प्रचंड निळी लाट, तिच्या माथ्यावर नखांसारखा पसरलेला फेस, खाली तीन होड्यांत जीव मुठीत धरून वाकलेले नावाडी आणि दूरवर इवलासा, निश्चल फुजी पर्वत. 'कानागावाची महालाट' ही काष्ठमुद्रा आपणांपैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. तिचा कर्ता कात्सुशिका होकुसाय मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

होकुसाय १७६० साली एदो शहरी, म्हणजे आजच्या टोकियोत, जन्मला. कोवळ्या वयात तो लाकडी ठसे कोरावयास शिकला आणि पुढे शुन्शो या नामांकित चित्रकाराच्या हाताखाली गेला. आयुष्यात त्याने तीसएक नावे घेतली आणि नव्वदांहून अधिक बिऱ्हाडे बदलली, असे सांगतात. पैशाचा हिशेब मात्र त्याला कधीच जमला नाही.

सत्तरीच्या उंबरठ्यावर संकटे एकामागून एक आली. पक्षाघाताचा झटका आला, पत्नी वारली, जुगारी नातवाची देणी डोक्यावर बसली. दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. होकुसायने याच सुमारास फुजीची छत्तीस दृश्ये काढावयास घेतली. ती इतकी खपली की आणखी दहांची भर घालावी लागली. महालाट त्यांतलीच, १८३१ च्या आसपासची.

काष्ठमुद्रा हे एकट्याचे काम नव्हे. चित्रकार रेखाटन करी. कारागीर तो कागद चेरीच्या फळीवर चिकटवून रेघ तेवढी राखी व बाकीचे लाकूड कोरून काढी. छापणारा निरनिराळ्या रंगांचे ठसे एकावर एक अचूक उमटवी. भांडवल प्रकाशकाचे. एका ठशाच्या पुष्कळ प्रती निघत, म्हणून सामान्य माणसालाही चित्र विकत घेता येई. परदेशातून आलेल्या प्रशियन निळ्या रंगाने या लाटेला खोली दिली.

१८३९ मध्ये आगीत त्याची कितीतरी चित्रे जळाली. तरी चित्रकार लेक ओई हिच्या सोबतीने तो काम करीतच राहिला. आपला हात अजून तयार व्हायचा आहे, हीच त्याची अखेरपर्यंतची समजूत. १८४९ मध्ये तो निवर्तला.

२०२४ साली जपानने हजार येनच्या नव्या नोटेवर हीच लाट छापली. ज्याच्या हाती पैसा टिकला नाही, त्याचेच चित्र आज पैशावर आहे! ही शिल्लक कोणत्या खात्यावर मांडावी, हे आम्हां वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकावयाचे आहे.