मुद्रकाचा मुलगा

बँकेत नोकरीला असताना संध्याकाळी ताळा जुळला नाही, की आमचे हेडक्लार्क आधी एकच गोष्ट करीत. फरकाच्या रकमेला ९ ने भाग जातो का, ते पाहत. भाग गेला, की कोणीतरी ५४ चे ४५ लिहिले असणार, हा त्यांचा पहिला संशय. मग चष्मे पुसून आम्ही सारे लेजरांवर वाकत असू आणि घरी पोचायला रात्र होई.

आज क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा अंक हे पहारेकऱ्याचे काम निमूटपणे करतो. आधीच्या अंकांवरून तो हिशेबाने काढलेला असतो. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर बहुधा चूक तिथेच पकडली जाते. ही युक्ती हान्स पीटर लून यांची. १९५४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६० साली ते मिळाले. पण त्यांचे मोठे काम याहून वेगळे आहे. छापलेले विज्ञान यंत्राला चाळता यावे, यासाठी हा माणूस झटला.

लून यांचा जन्म १८९६ सालचा, जर्मनीतल्या बार्मेन गावचा. वडील मुद्रक. घरचा धंदा सांभाळायचा म्हणून मुलगा छपाई शिकायला स्वित्झर्लंडला गेला, पण पहिले महायुद्ध आडवे आले. युद्धानंतर तो कापडधंद्यात शिरला आणि १९२४ साली अमेरिकेत आला. कापडातले धागे मोजायचे एक साधे साधन त्याने बनवले. पुढे ऐंशीहून अधिक पेटंटे त्याच्या नावावर जमा झाली. १९४१ साली आयबीएम कंपनीने त्याला संशोधक म्हणून घेतले.

दुसऱ्या महायुद्धानंतर शोधनिबंधांचा पूर आला. आपण जो प्रयोग करीत आहोत तो दुसऱ्या कोणी आधीच करून ठेवला आहे का, हे शोधता शोधता शास्त्रज्ञ मेटाकुटीला येत. छापलेले असूनही सापडत नाही, म्हणजे ते नसल्यासारखेच! रसायनशास्त्रज्ञ हे गाऱ्हाणे घेऊन आयबीएमकडे आले आणि लून कामाला लागले.

यंत्राला अर्थ कळत नाही, हे त्यांनी आधीच मान्य केले. पण यंत्राला मोजता येते. १९५८ साली त्यांनी दाखवून दिले, की लेखातले शब्द मोजावेत, सगळीकडे येणारे किरकोळ शब्द वगळावेत, एखाददुसऱ्या वेळी डोकावणारेही सोडावेत. उरलेले वजनदार शब्द ज्या वाक्यांत दाटीने येतात, ती वाक्ये वेगळी काढली, की लेखाचा सारांश हाती येतो. मात्र त्यासाठी सगळा मजकूर आधी माणसांनी कार्डांवर छिद्रे पाडून यंत्रात भरावा लागे.

त्यांची दुसरी युक्ती सूचीची. ‘ऊस कारखान्यातील मळीचा उपयोग’ असा लेख आहे असे समजा. यंत्र हे शीर्षक ‘ऊस’ शब्दाखाली लावते, ‘मळी’खाली लावते आणि ‘उपयोग’खालीही लावते. प्रत्येक वेळी आजूबाजूचे शब्द सोबत ठेवते, म्हणजे नुसत्या नजरेने संदर्भ कळतो. महिनोन् महिने खपून माणसे करीत ते काम यंत्र झपाट्याने उरकू लागले. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने याच पद्धतीवर ‘केमिकल टायटल्स’ हे नियतकालिक चालवले. १९६१ पासून ते नियमित निघू लागले.

या पद्धतीची उणीव उघड होती. एखाद्या लेखकाने सगळे मर्म एकाच साध्या वाक्यात, वेगळ्याच शब्दांत सांगितले असेल, तर मोजणाऱ्या यंत्राच्या हातून ते निसटणार. सारांश वाचून मूळ लेख उघडायचा की नाही, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागे.

१९६१ साली लून निवृत्त झाले. १९६४ साली रक्ताच्या कर्करोगाने ते गेले. मुद्रकाच्या या मुलाने छापखाना चालवला नाही, पण छापलेले हरवू नये, याची काळजी मात्र त्याने जन्मभर वाहिली.

आता नातू फोनवर दोन शब्द टाकतो आणि हजारो पाने समोर येतात. मी त्याला हेडक्लार्कांची ९ ची युक्ती सांगितली. तो हसला. मग थोड्या वेळाने वही घेऊन आला आणि ५४ मधून ४५ वजा करून पाहू लागला.